चपला काढू नका

हार्ट अटॅक आला त्याचा मला जेवढा राग आला नाही, तेवढा बाहेरच्या खोलीत मांडलेल्या पलंगाचा आला. पाचव्या दिवशी इस्पितळातून सुटलो, घरच्या एकोणीस पायऱ्या थांबत थांबत चढलो आणि दारातून बघतो तर खिडकीला लागून दादाचा पलंग. पांढरी चादर, दोन उशा, पायाशी घडी केलेली शाल. उशाशी स्टूल, स्टुलावर स्टीलची वाटी आणि वाटीत चमचा. समोर वेताची खुर्ची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी तोही अटॅकनंतर याच पलंगावर, याच खिडकीशी चौदा महिने पडून होता, आणि याच पलंगावर गेला. काही हवं असलं की तो चमच्याने वाटी वाजवायचा.

पलंग मागच्या खोलीतून काढून मांडला होता वहिनींनी, म्हणजे दादाच्या बायकोने. त्या आमच्याबरोबरच राहतात. माझा मुलगा बंगलोरला नोकरीला, त्यामुळे घरात मी, माझी बायको आणि वहिनी, तिघंच. खाली एका व्यापाऱ्याचं टोप्यांचं गोदाम, वर आम्ही.

"हे काय?" मी दारातूनच विचारलं.

"भावजी, बोलू नका. आडवे व्हा आधी," वहिनी म्हणाल्या. "आता लोकं यायला लागतील."

लोकं यायला लागतील म्हणजे काय, ते सांगायला हवं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले आम्ही मराठी लोक. पूर्वज कधी दक्षिणेतून फौजेबरोबर आले, कोणी दरबारी कारकुनीसाठी आले, कोणी पूजापाठाला. आता आमच्या मराठीत निम्मी हिंदी आहे, नातवंडं तर वाक्य मराठीत सुरू करतात आणि हिंदीत संपवतात. पण एक गोष्ट आम्ही अगदी जपून ठेवली आहे, ती म्हणजे समाचार. कोणी आजारी पडलं की प्रत्येक घरातून कोणीतरी समाचाराला गेलंच पाहिजे. वेळ संध्याकाळी पाच ते सात. आजाऱ्याने आडवं असायचं, येणाऱ्याने खुर्चीत बसायचं, घरच्यांनी चहा करायचा. आजारी माणूस उठून बसलेला दिसला तर येणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. मग तो चहा पिता पिता एखाद्याची गोष्ट सांगतो, जो तुमच्यापेक्षा बरा दिसत होता आणि तरी आठ दिवसांत गेला.

मी त्या पलंगावर आडवा झालो नाही. वेताच्या खुर्चीत बसलो. वहिनी आत निघून गेल्या.

आता माझं म्हणणं. मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली. डबरा, भितरवारकडची शेतं जरीब टाकून मोजली. जरीब म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी. ती ओढत उन्हातान्हात चालायचं आणि परत येऊन नकाशा काढायचा. कुठेही चाललो तरी पावलं मोजायची सवय त्यातूनच लागली. आमच्या दारापासून टोपी बाजारातून बाड्याच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकाच्या, कोपऱ्यापर्यंत अकराशे चाळीस पावलं आहेत, पटत नसेल त्याने मोजून घ्यावीत. असा माणूस आयुष्याच्या शेवटी खिडकीशी पडून खालच्या गोदामातली माणसं टोप्यांचे गठ्ठे मोजताना ऐकत बसणार? बसणार नाही म्हणजे नाही.

शिवाय मला डॉक्टरांचाच हुकूम होता. डॉक्टर माझ्या मुलापेक्षाही लहान, चष्मेवाली, आवाज मात्र हवालदाराचा. सुटी देताना तिने बायकोकडे न बघता थेट माझ्याकडे बघून सांगितलं होतं, "अंकल, खाट नहीं पकड़नी है। दवाई जितनी ज़रूरी है, चलना भी उतना ही ज़रूरी है।" आधी घरातल्या घरात पाच मिनिटं, मग दहा, मग हळूहळू गल्लीत, असं वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत. ग्वाल्हेरचा डिसेंबर, सकाळी धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी, म्हणून सकाळी नाही. भरल्या पोटी नाही. म्हणून संध्याकाळी पाच. चाल किती जोरात, तर "चलते-चलते बात कर सको, पर गाना न गा सको।" छातीत दुखलं तर तिथेच बसायचं, जिभेखाली गोळी ठेवायची आणि सरळ इस्पितळात यायचं, बहादुरी दाखवायची नाही. हे सगळं मी एका कागदावर लिहून काढलं. कागद खिशात असायचा.

आता बघा. डॉक्टरांचे पाच आणि समाचाराचेही पाच.

पहिले पंधरा दिवस मी घरातच फेऱ्या मारल्या, स्वयंपाकघर ते बाहेरची खोली. मध्येच पाहुणे यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "अहो, झोपा, झोपा! हे काय करता?" बायको चहाला लागायची. वहिनी माझ्याकडे बघायच्या आणि पलंगाची चादर पुन्हा नीट करायच्या, मी त्यावर बसलेलो नसलो तरी. मुलगा फोनवर, "बाबा, प्लीज, रिस्क मत लो ना. काकूचं ऐका थोडं." मी म्हटलं, काकूचं तुझ्या काकाने ऐकलं होतं. मला हे बोलायला नको होतं, पण बोललो.

गल्लीत उतरायच्या पहिल्या दिवशी वहिनींनी दाराला कडी घातली आणि कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वहिनी, बाजूला व्हा."

"तुम्ही जाल, आणि मला परत तेच बघावं लागेल. माझ्याशी नाही होणार आता."

"डॉक्टरांनी सांगितलं आहे."

"ह्यांच्या डॉक्टरांनी आराम सांगितला होता."

बायको मधे पडली. "वहिनी, जाऊ द्या त्यांना. मी जाते बरोबर." वहिनींनी हात काढला. आम्ही दोघं खाली उतरलो, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. एकशे नव्वद पावलं, जाऊन येऊन. वहिनी वरच्या पायरीवर तशाच उभ्या होत्या. मला त्यांची कीव आली नाही, राग आला. आता लिहिताना वाईट वाटतं, पण तेव्हा रागच आला.

दादाच्या वेळचं खरं सांगतो. तेव्हाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मला नीट आठवत नाही. आराम म्हटलं होतं, एवढं नक्की. पण किती दिवस, आणि पुढे काय, हे घरात कोणी विचारलं नाही. आराम हा शब्द आपल्याला इतका आवडतो की त्यापुढचं कोणी ऐकतच नाही. दादा आधी बरा होता, हसायचा, वर्तमानपत्र वाचायचा. मग जिना उतरायला घाबरायला लागला. मग न्हाणीघरापर्यंत जायलाही कोणीतरी धरायला हवं झालं. शेवटी भिंतीकडे तोंड करून पोटावर रेडिओ ठेवून पडलेला असायचा. तो कशाने गेला, पडून राहिल्याने की हृदयच तसं होतं म्हणून, मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. पण त्या चौदा महिन्यांत रोज संध्याकाळी त्या वेताच्या खुर्चीत बसून त्याच्याशी पत्ते खेळणारा माणूस मी होतो. तो पाण्यासाठी उठायला लागला की "दादा, तू पडून राहा, मी आणतो" म्हणणारा मी होतो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

असो. डिसेंबर संपेपर्यंत मी टोपी बाजार ओलांडून बाड्यापर्यंत जायला लागलो, आणि तमाशा सुरू झाला. एका संध्याकाळी आमचे वकीलसाहेब, म्हणजे बाबांच्या वेळेपासूनचे ओळखीचे, रिटायर झालेले, सपत्नीक समाचाराला आले. हातात गजकचा डबा. हृदयाच्या माणसाला तिळाची आणि गुळाची गजक, ती पण किलोभर! पलंग रिकामा. त्यांनी पाऊण तास वाट बघितली, चहा घेतला, आणि रिकाम्या पलंगाचा समाचार घेऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी पडावपासून हजीऱ्यापर्यंत सगळ्या मराठी घरांत बातमी, की अटॅकबिटॅक काही नव्हता, गॅस झाला होता. एका बाईंनी माझ्या बायकोला फोन करून सुनावलं, "आम्ही इतके घाबरून गेलो होतो, आणि ते बाड्यावर चकरा मारत आहेत!" जणू मी त्यांची भीती फुकट घेतली आणि परत केली नाही.

माझं डोकं फिरलं. मी जुनी पेटी उघडली, बोरू काढला, शाई काढली. नकाशाच्या माथ्यावर लिहायचो तशा ठसठशीत अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिलं:

रुग्ण रोज पाच वाजता फिरायला निघतो. समाचाराला येणाऱ्यांनी कृपया चपला काढू नयेत. समाचार चालता चालता घ्यावा. चहा मिळणार नाही.

शेवटची ओळ बायकोने घालायला लावली. महिनाभर ती रोज संध्याकाळी आठ-दहा कप चहा करत होती. पाटी बघून ती जी हसली, तशी मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच हसली.

पाटी दाराला लावली. वहिनींनी वाचली. दुसऱ्या दिवशी बघतो तर पुठ्ठा उलटा, कोरी बाजू बाहेर. मी सुलटा केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा उलटा. मी पुन्हा सुलटा. हे युद्ध रोज चाललं. दोघांपैकी कोणी त्यावर चकार शब्द काढला नाही.

पाटीचा परिणाम असा, की निम्मे लोक यायचे बंद झाले. त्यांचे मी मनापासून आभार मानतो. उरलेले निम्मे माझ्याबरोबर चालू लागले. वकीलसाहेब पहिल्या दिवशी पाटी वाचून म्हणाले, "हे काय नवीन नाटक?" मी म्हटलं, चला तर, वाटेत सांगतो. टोपी बाजारापर्यंत त्यांनी कोणा मेहुण्याच्या साडूच्या मृत्यूची गोष्ट सुरू केली होती, पण बाजाराच्या मध्यावर त्यांना धाप लागली आणि साडू जिवंतच राहिला. चालताना माणसं मेलेल्यांच्या गोष्टी फार सांगत नाहीत, हा माझा अनुभव आहे. भाजी, पाऊस, पोरांची लग्नं, शेजाऱ्याचा वाद, हे सगळं निघतं. डॉक्टरच्या नियमासाठीही उत्तम. बोलायला माणूस हवाच होता, आणि वकीलसाहेब सोबत असले की गायची कोणाची हिंमत?

हळूहळू आम्ही चार-पाच जण झालो. हजीऱ्याच्या एक रिटायर शाळाबाई दर गुरुवारी रिक्षा करून यायच्या, गुडघे दुखायचे म्हणून पानवाल्याच्या कोपऱ्यापर्यंतच चालायच्या आणि आम्ही परत येईपर्यंत तिथे बाकावर बसायच्या. गल्लीत एक टोप्यांचा दुकानदार आहे, लग्नाच्या फेट्यांचा ठोक व्यापार. रोज आम्हाला बघायचा. एक दिवस ओरडून म्हणाला, "बाबूजी, काए का जुलूस निकल रओ है?"

"ज़िंदा होने का," मी म्हटलं.

तो हसला, पण मी विनोद केला नव्हता. मला खरंच तसं वाटायचं. प्रत्येक पाऊल त्या पलंगाच्या नाकावर टिच्चून टाकतो आहे असं वाटायचं. थंडी असो, गाईम्हशींचा रस्त्यात ठिय्या असो, पायात गोळे येवोत, पाच वाजले की मी निघायचो. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेल्यांनाही मी चपला काढू दिल्या नाहीत. गोड बोला, पण चालत बोला.

संक्रांतीनंतर दोन-चार दिवसांनी मी फिरून परत आलो. कान गार पडले होते. वहिनींनी कोमट पाण्याचा ग्लास दिला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"भावजी, एक गोष्ट सांगू?"

"सांगा."

"तुम्ही धडधाकट परत येता ना, तर बरं वाटतं मला. मग देवापाशी जाऊन बसते, तर वाईट वाटतं."

"वाईट कशाचं?"

"ह्यांचं. एक दिवस ते म्हणाले होते, खाली जाऊन येऊ का, गल्लीच्या तोंडापर्यंत. पायात चपला पण घातल्या होत्या. मी म्हटलं, मला विधवा करायचं आहे का? तर त्यांनी चपला काढल्या." त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला. "तुम्ही रोज परत येता, तर मला रोज वाटतं, की ते पण आले असते."

म्हणजे दीड महिना ज्या बाईशी मी भांडत होतो, ती माझ्या मरणाला घाबरत नव्हती, माझ्या जगण्याला घाबरत होती. मी तेव्हा सांगायला हवं होतं, की वहिनी, तुम्ही एकट्या नव्हता, खुर्चीत मी बसलो होतो. राग करता येतो मला, बाकीचं पटकन जमत नाही. त्या ग्लास धुवायला आत गेल्या.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी बाड्याच्या कोपऱ्याशी माझ्या छातीत दुखलं. डाव्या बाजूला, खांद्याखाली. अकराशे दहाव्या पावलाला. कागदावर लिहिलं होतं तसं मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसलो, गोळी जिभेखाली ठेवली. वकीलसाहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहून रिक्षाला हाका मारत होते, एरवी ते रिक्षावाल्याशी भाव केल्याशिवाय बोलत नाहीत. इस्पितळात कार्डिओग्राम झाला, रक्त काढलं, काही तासांनी पुन्हा काढलं, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी चष्मेवाली डॉक्टर आली. नवीन अटॅक नव्हता. स्नायू आखडला होता, थोडं पित्तही होतं. "ठीक किया जो आ गए," ती म्हणाली. "ऐसा हो तो हर बार आना। दो दिन आराम, फिर वही पाँच बजे।"

घरी आलो आणि मी पलंगावर आडवा झालो. कोणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांचे चार झाले, चाराचे आठ. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. गादीत मध्यभागी एक खोलगट जागा होती, दादाच्या पाठीने झालेली, आणि मी तिच्यात बरोबर मावलो. शाल पायावर घेतली की ऊब यायची. खालून गोदामात गठ्ठे मोजल्याचा आवाज यायचा, आणि मी गठ्ठे मोजायचो. पुठ्ठा उलटा झाला होता, तो मी सुलटा केला नाही. बातमी पसरली आणि समाचारवाले परत आले, चपला काढून, रांगेत ठेवून. सगळे खूश. वकीलसाहेब खुर्चीत बसले, चहा घेतला आणि त्या साडूला अखेर मारून मोकळे झाले. "आता ठीक आहे," ते जाताना म्हणाले, "असं पडून राहा."

मी घाबरलो होतो. एवढंच. तोऱ्यात पाट्या रंगवणारा माणूस एका कळेने गार झाला होता. बायको पाच वाजता विचारायची, "निघायचं?" मी म्हणायचो, उद्या. मग तिने विचारणं सोडलं आणि निमूट चहाचं आधण ठेवायला लागली. डॉक्टरचा फोन आला तर मी तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बारावा दिवस. पाचला दहा मिनिटं कमी होती. बायको गच्चीवर कपडे काढायला गेली होती. मला तहान लागली. स्वयंपाकघर नऊ पावलांवर आहे. मी हात लांब केला, चमचा उचलला आणि वाटी वाजवली.

आत वहिनी काहीतरी कुटत होत्या. कुटण्याचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला नाही. पाणीही आलं नाही. मी पुन्हा वाजवली. मग मला चपलांचा आवाज ऐकू आला, घरातून, फरशीवरून.

आमच्या घरात उंबऱ्याच्या आत चपला येत नाहीत. वीजवाल्याला वहिनी बाहेर उभं करतात, मुलगा बूट घालून आत आला तर त्या अजूनही सगळी खोली पुसून काढतात. लग्न होऊन आल्यापासूनचा हा त्यांचा नेम आहे. आणि त्या माझ्या पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. अंगावर लोकरी शाल, पायात मोजे, मोज्यांवर बाहेर जायच्या चपला. हातात पाणी नव्हतं.

"ते वाजवू नका," त्या म्हणाल्या.

मी चमचा ठेवला.

"उठा."

"वहिनी, छातीत..."

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"भीती वाटते," मी म्हटलं. त्रेसष्टाव्या वर्षी हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो असेन.

"ह्यांना पण वाटत होती. मी म्हणायची, काही गोष्ट नाही, तुम्ही पडून राहा." त्या जागच्या हलल्या नाहीत. "उठा, भावजी."

मला राग आला. बारा दिवसांनी पहिल्यांदा राग आला, आणि तो आला म्हणून मला बरं वाटलं. "आणि वाटेत काही झालं तर?"

"तर मी बघेन. इथे पडल्या पडल्या झालं होतं, तेव्हा पण मीच बघितलं होतं."

मी पाय खाली सोडले. फरशी बर्फासारखी गार होती. समोर वेताची खुर्ची होती आणि ती बघितल्यावर मला राहवलं नाही. "वहिनी, चौदा महिने त्या खुर्चीत मी बसत होतो. तो उठायला लागला की मीच त्याला बसवायचो. तुम्ही एकट्यांनी नाही केलं ते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चहा मीच आणत होते."

एवढंच. त्यांनी माझा स्वेटर पुढे केला, कानटोपी पुढे केली. मी बूट घातले. कागद आणि गोळी खिशात आहे का ते त्यांनी बाहेरून चाचपून बघितलं. बायको गच्चीवरून कपड्यांचा ढीग घेऊन खाली आली आणि आम्हा दोघांना पायताणांसकट घराच्या मधोमध उभं बघून तिने ढीग तसाच पलंगावर टाकला. सगळा पलंग भरला.

वहिनींनी दार उघडलं. जिन्यावर वकीलसाहेब होते. वर येऊन धापा टाकत होते, हातात सफरचंदांची पिशवी, आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागले होते. वहिनींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दारावरचा उलटा पुठ्ठा त्यांनी हाताने सुलटा केला. माहेरून आल्यापासून त्या कधी वकीलसाहेबांशी मोठ्याने बोलल्या नव्हत्या.

"चपला काढू नका," त्या म्हणाल्या. "आज बाड्याच्या पुढे जायचं आहे."